चातुर्मासाचा नेम टिकावा कसा?

आषाढ शुद्ध एकादशीस भगवान श्रीविष्णू शेषशय्येवर योगनिद्रा स्वीकारतात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, ही आपली परंपरागत श्रद्धा. ह्या चार मासांत देव निद्रिस्त असता भक्ताने मात्र अधिक जागे राहावे, म्हणून काही ना काही नेम धरण्याचा परिपाठ आपल्या घराघरांतून चालत आला आहे. आजच्या पुण्यदिनी आमच्या पंढरीत चंद्रभागेचे वाळवंट वैष्णवांच्या मेळ्याने फुलून गेलेले असेल, आणि त्याच वेळी गावोगावच्या देवघरांपुढे कोणी माउली, कोणी गृहस्थ हातावर पाणी घेऊन मनाशी काही ठरवीत असतील. त्या ठरविण्याविषयीच आज आम्हांस वाचकांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत.

कीर्तनाची आरती झाल्यावर श्रोते पाया पडावयास येतात आणि जाता जाता शंका विचारतात, हा आमचा चाळीस वर्षांचा अनुभव. पूर्वी शंका असत त्या पोथीच्या, सोयरसुतकाच्या, फार तर मुलीच्या पत्रिकेच्या. अलीकडे त्या बदलल्या आहेत. ‘बुवा, साखर निघाली आहे, उपवास करू की नको?’ ‘बुवा, गुडघे धरले आहेत, प्रदक्षिणा कशा घालू?’ ‘वजन उतरविण्याचा नेम चातुर्मासात घेतला तर चालेल का?’ ह्यात नवल काही नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांप्रमाणे आपल्या देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींहून अधिक असून आणखी १३ कोटींवर लोक त्या वाटेवर आहेत. कीर्तनास बसलेल्या मंडळींत हे रुग्ण नसतील असे कसे म्हणावे?

देहाच्या आरोग्यासाठी नेम धरणे म्हणजे व्रताचा अवमान, असे काही कर्मठ मंडळी म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. कालिदासाने कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात उग्र तप करणाऱ्या पार्वतीपुढे बटुवेषातील शंकर आणून उभा केला आहे. तो कुशल विचारतो, समिधा-पाणी मिळते ना म्हणून चौकशी करतो, आणि मग विचारतो की, आपली शक्ती पाहून तप करतेस ना? धर्म आचरावयाचा तर आधी देह सांभाळावा लागतो, हे तेथे साक्षात महादेवाच्या मुखी घातले आहे. तेव्हा सकाळी अर्धा तास चालण्याचा नेम देवापुढे घेण्यास संकोच कशाला? प्रश्न तो घेण्याचा नाही. घेतलेला टिकत नाही, हे खरे दुखणे आहे.

नववर्षाचे संकल्प संक्रांतीपर्यंत विरतात आणि गुढीपाडव्याचे रामनवमीपर्यंत. त्याच घरातील आजीचा चातुर्मासाचा नेम मात्र वीस-वीस वर्षे अखंड चालतो. आजीचा निग्रह मोठा, असे म्हणून आपण मोकळे होतो. निग्रह असतोच, परंतु आमच्या मते अर्ध्याहून अधिक श्रेय नेमाच्या बांधणीस आहे. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्रताला जी चौकट घातली तीत मनुष्यस्वभावाची फार बारीक पारख आहे.

संकल्पच पाहा. भटजी सांगतात आणि आपण उदक सोडतो, एवढेच आपल्या लक्षात राहते. परंतु त्या संकल्पात काय काय उच्चारतात? प्रथम काळ – युग, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग देश – कोणत्या द्वीपात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरी. मग कर्ता – गोत्र आणि नाव. मग हेतू. आणि शेवटी नेमके कोणते कर्म करणार ते. ह्यात ‘प्रकृतीकडे लक्ष देईन’ अशा मोघम वाक्यास कोठेही जागा नाही. कोण, कोठे, केव्हा, कशासाठी आणि काय करणार, हे स्पष्ट उच्चारल्यावाचून हातातील पाणी खाली पडत नाही. पीटर गोलविट्झर नामक जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली आपल्या संशोधनाचा सारांश मांडला, त्याचा मथितार्थ असा की, नुसता हेतू धरणाऱ्यापेक्षा अमुक वेळ आली, अमुक ठिकाणी असलो, की अमुक करीन असे आधी ठरविणाऱ्याच्या हातून ते कार्य पुष्कळ अधिक वेळा पार पडते. आमच्या भाच्याने हे वाचून दाखविले तेव्हा आम्ही त्यास एवढेच म्हटले की, बाबा रे, देशकालाचा उच्चार म्हणतात तो हाच.

यास्तव ज्यास चालावयाचे आहे त्याने ‘रोज चालेन’ असे म्हणू नये. ‘स्नानसंध्या आटोपल्यावर, चहापूर्वी, घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन दर्शन घेऊन परत येईन’ असे म्हणावे. जुन्या नेमाच्या पाठीवर नवा नेम बसवावा. तो आपोआप चालू लागतो. आम्ही स्वतः गायत्रीजपानंतर बारा सूर्यनमस्कार घालतो, ते आसनावरून उठण्याच्या जागी घालतो. आधी नमस्कार, मग पंचपात्री आवरणे, हा क्रम. पंचपात्री आवरावी तर लागतेच, म्हणून नमस्कार राहत नाहीत. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानच्या शाळांतून रुजविले, तेही शाळेच्या दिनक्रमात बसवूनच. मुलांच्या मर्जीवर सोडले असते तर किती घातले गेले असते, हे शिक्षकांस विचारावे.

दुसरी गोष्ट मुदतीची. चातुर्मासाचा नेम आजन्म नसतो. एकादशी ते एकादशी चार चांद्रमास, म्हणजे सुमारे ११८ दिवस. मध्ये अधिकमास पडला तर हाच काळ पाच महिन्यांचा होतो. २०२३ साली अधिक श्रावण आला तेव्हा १४७ दिवसांचा चातुर्मास झाला होता. ‘आता जन्मभर गोड खाणार नाही’ ह्या प्रतिज्ञेने मन पहिल्याच दिवशी घाबरते. कार्तिकीपर्यंत, म्हटले की ते तयार होते. आणि ११८ दिवस थोडेही नव्हेत. लंडनच्या विद्यापीठात ९६ जणांवर एक अभ्यास झाला, तो २०१० च्या सुमारास प्रसिद्ध आहे. एखादी नवी कृती अंगवळणी पडून विनासायास होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले. कोणास १८ पुरले, कोणास २५४ लागतील असे गणित निघाले. म्हणजे आजपासून आरंभ केल्यास बहुतेकांचा नेम घटस्थापनेच्या आतबाहेर अंगी मुरलेला असेल, आणि पुढचे दिवस तो पक्का होण्यास मिळतील. एकादशीस राहूनच गेले तर? शास्त्राने द्वादशी दिली आहे, पौर्णिमा दिली आहे, कर्कसंक्रांतही दिली आहे. समाप्ती मात्र सर्वांची एकच. आरंभ चुकला म्हणून वर्ष घालविण्याची गरज नाही.

आता सोडण्याविषयी. शास्त्रात श्रावणात भाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल वर्ज्य सांगितले आहे. एका वेळी एक. चारही एकदम सोडा असे म्हटलेले नाही. वर्षाऋतूत जठराग्नी मंद असतो, हे वाग्भटाने ऋतुचर्येत सांगितलेच आहे. म्हणून ह्या दिवसांत एकभुक्त, नक्त, एकवाढी असे आहार आवरणारे नेम आले. त्यांतील एकवाढीचा नेम आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. पानात एकदाच वाढून घ्यावयाचे, पुन्हा मागावयाचे नाही. काय खावे ह्याची उठाठेव त्यात नाही. परंतु वाढून घेताना मनुष्य विचार करू लागतो. मौनाने जेवणे हा नेमही तसाच. आज जेवताना समोर दूरचित्रवाणी आणि हाती भ्रमणध्वनी असतो, तेव्हा मौनभोजनाचा अर्थ तीही बंद असा घ्यावा. किती जेवलो हे निदान कळेल.

उपवासाविषयी मात्र दोन कठोर शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडली नाही. साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ह्या चौघांवर आपली उपवासाची खिचडी उभी आहे, आणि हे चौघेही अमेरिका खंडातून आलेले पाहुणे. सोळाव्या शतकापूर्वी आपल्या देशात त्यांचे नावही नव्हते. स्मृतिकारांनी त्यांस मान्यता दिली असण्याचा संभवच नाही. खिचडी रुचकर असते, आम्हांसही आवडते. परंतु तूप सुटलेली थाळीभर खिचडी खाऊन दुपारी घोरत पडावे आणि त्यास लंघन म्हणावे, हे ना शास्त्रात बसते ना वैद्यकात. मधुमेह्यास तर साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याने त्या दिवशी काय व किती घ्यावे हे आपल्या डॉक्टरांस विचारूनच ठरवावे.

जे व्यसनासारखे अंगी भिनले आहे ते कसे सोडावे, ह्याचा विधी चरकाने सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात दिला आहे, आणि वाग्भटानेही त्याचा अनुवाद केला आहे. अपथ्य एकदम तोडू नये. त्याचा चतुर्थांश कमी करावा आणि तेवढाच पथ्याचा अंश त्या जागी घालावा. मग एक दिवस थांबून पुढचा चतुर्थांश, मग दोन दिवस, मग तीन, असे पायरीपायरीने जावे. ज्यास चतुर्थांशही जड जातो त्याने षोडशांशाने जावे. असे क्रमाने सोडलेले दोष पुन्हा उद्भवत नाहीत, आणि सवयीचे अपथ्यही एकाएकी सोडले तर शरीर बिघडते, असा त्यांचा अभिप्राय. दिवसाकाठी चार गोड चहा घेणाऱ्याने एक कमी करून त्या वेळी ताक घ्यावे. पहिल्याच दिवशी चारही सोडणारा चौथ्या दिवशी सहा पितो, हे आम्ही आमच्याच मृदंगवाद्याच्या बाबतीत पाहिले आहे. नुसती वजाबाकी केली की पोकळी राहते आणि जुनी सवय तेथेच परत येऊन बसते. म्हणून त्या ग्रंथकारांनी वजाबाकीबरोबर बेरीज सांगितली.

ह्यावर कोणी म्हणेल, मग वारकरी माळ घालतो तेव्हा सारे एका क्षणात सोडतो ते कसे? आक्षेप रास्त आहे. सोलापूरकडील एक मालमोटारचालक आमच्या परिचयाचा आहे. तंबाखू सोडण्याचे त्याने तीनदा ठरविले आणि तीनदा मोडले. कार्तिकीस माळ घातली आणि सुटली ती कायमची. आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘महाराज, आधी मीच मला नाही म्हणत होतो. आता ढाब्यावर गळ्यातली माळ बघितली की कोणी पुडी पुढंच करीत नाही.’ माळेचे हे सामर्थ्य आहे. तिच्यामुळे नेम एकट्याचा राहत नाही, साऱ्या गणगोताचा होतो. तथापि येथे एक सूचना केलीच पाहिजे. ज्यास रोजच्या मद्याची फार दिवसांची सवय आहे, त्याने माळ अवश्य घालावी, परंतु मद्य सोडताना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावे. अशा देहातून मद्य एकाएकी काढले तर कंप, झटके येऊन जिवावर बेतू शकते.

संगतीचा हाच महिमा वारीत दिसतो. आळंदीहून पंढरीस पायी येणारा वारकरी सुमारे अडीचशे किलोमीटर चालतो. त्यांत शहरातील नोकरदार, दुकानदारही असतात. तोच गृहस्थ परत गेल्यावर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे स्कूटरवरून जातो! पाय तेच, मग चालणे का थांबले? वारीत दिंडी असते, निघण्याची वेळ ठरलेली असते, मागे राहिला तर हाक मारणारा असतो आणि मुक्कामी वाट पाहणारा असतो. घरी ह्यांतील काहीच नसते. म्हणून आमचे मागणे असे की, आळीतील चार जणांनी मिळून पहाटेची लहानशी दिंडी काढावी. टाळ नसले तरी चालतील. बोलावणे चुकू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पाच पहाटे अर्धा-अर्धा तास चालले की तो हिशेब पुरा होतो. वेग किती असावा? आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीने सांगितला आहे, आणि पावसाळ्यात त्याहूनही मंद. सुश्रुताने अर्धशक्तीची खूण दिली आहे ती अशी की, श्वास तोंडाने घेण्याची वेळ आली की थांबावे. विठ्ठलनाम घेता येईल इतपत दम शिल्लक असावा, म्हणजे झाले.

आता सर्वांत नाजूक गोष्ट, मोडण्याची. एक दिवस चुकला की ‘आता मोडलाच’ असे म्हणून मनुष्य सारेच सोडून देतो. ह्या जागी आम्ही कीर्तनात अंबरीषाचे आख्यान लावतो. भागवताच्या नवव्या स्कंधात ते आहे. राजाने वर्षभर द्वादशीव्रत केले. कार्तिकात तीन रात्री उपोषण करून पारण्यास बसणार तोच दुर्वास अतिथी म्हणून आले आणि यमुनेवर स्नानास गेले ते परतेनात. द्वादशी सरण्यास अर्धा मुहूर्त उरला. पारणे न करावे तर व्रतास दोष, अतिथीआधी जेवावे तर अतिथिधर्मास दोष. राजाने विद्वानांस विचारले आणि केवळ जलप्राशन केले. कारण पाणी पिणे म्हणजे भोजन केलेही आणि न केलेही. पुढे दुर्वासांचा कोप, कृत्या, सुदर्शनाचा पाठलाग, हे सारे श्रोत्यांस ठाऊक असते आणि ते त्यासाठीच थांबलेले असतात. आमचे मन मात्र त्या घोटभर पाण्यापाशी रेंगाळते. राजाने ‘आज जमत नाही, जाऊ दे’ असे म्हटले नाही; सगळे जमत नसेल तर अत्यल्प काय करता येईल, ते शोधून त्याने व्रत राखले. पाऊस कोसळत असेल, घरी पाहुणे असतील, त्या दिवशी मारुतीपर्यंत जाऊ नका. ओसरीवर अकरा फेऱ्या घाला. तो तुमचा घोटभर पाण्याचा नेम. आणि तोही चुकला तर दुसऱ्या दिवशी निमूटपणे पुढे चला. लंडनच्या त्याच अभ्यासात दिसले की, एखादा दिवस हुकल्याने सवय लागण्यास फारशी बाधा आली नाही.

ह्याच्या उलट टोकास जाणारीही माणसे असतात. आमच्या आळीतील एका आक्कांची हकिकत सांगतो. वय सत्तरीचे, मधुमेह जुना, आणि वीस वर्षांचा धारणपारणाचा नेम – एक दिवस निराहार, एक दिवस भोजन. दोन वर्षांमागे श्रावणात धारणेच्या दिवशी त्यांनी सवयीने साखरेची गोळी घेतली, पोटात अन्न नव्हते, आणि घाटाच्या पायरीवर त्या घेरी येऊन पडल्या. जवळच्या फुलवालीने तोंडात साखर घातली म्हणून निभावले. सून त्यांस घेऊन आमच्याकडे आली. आक्का डोळे पुसत म्हणाल्या, ‘बुवा, मरण आलं तरी चालेल, पण वीस वर्षांचा नेम मोडून देवाला काय तोंड दाखवू?’ सून काही बोलली नाही. पदराचे टोक मुठीत धरून उभी होती. आम्ही म्हटले, ‘आक्का, तुमच्या देवानेच ही वाट ठेवली आहे. पाणी, कंदमूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध, ह्या आठांनी व्रत मोडत नाही असे शास्त्रवचन आहे. मग औषधासाठी घ्यावा लागतो त्या घासाने तरी ते कसे मोडेल?’ ‘खरं सांगता?’ ‘पोथी काढून दाखवितो.’ आणि धर्मसिंधु काढून आम्ही व्रताचे प्रकरण त्यांच्यापुढे वाचले. हा ग्रंथ १७९० च्या सुमारास ज्या काशीनाथ उपाध्यायांनी रचला, ते आमच्या पंढरीतच राहणारे. त्यामुळे आक्कांस तो घरच्या वडीलधाऱ्याचा शब्द वाटला.

मग डॉक्टरांचे मत घेऊन आक्कांनी नवा नेम घेतला. सकाळी आठ, दुपारी बारा, चार आणि रात्री आठ ह्या वेळांस ठरलेले अन्न प्रसाद म्हणून खावयाचे, एकही वेळ चुकवावयाची नाही, आणि दोन्ही जेवणांनंतर तुळशीस एकवीस प्रदक्षिणा. वेळेवर खाण्याचा नेम! प्रथम त्यांस हसू आले. परंतु उपवासापेक्षा तो अवघड गेला असे त्या आता सांगतात. लक्षप्रदक्षिणा घालणाऱ्या भगिनींनीही हा विचार करावा. लाख प्रदक्षिणा चार महिन्यांत बसवावयाच्या तर रोजच्या साडेआठशेच्या घरात जातात. धडधाकट पायांस ते उत्तम. झिजलेल्या गुडघ्यांस नव्हे. ज्यांस रक्तदाब, मधुमेह, हृद्रोग असेल त्यांनी, आणि गर्भवती स्त्रियांनी, डॉक्टरांच्या संमतीवाचून निराहाराचा नेम घेऊच नये.

आणखी एक गोष्ट घरातील पुरुषमंडळींच्या कानी घालावीशी वाटते. नेम यजमानांनी घ्यावयाचा आणि त्यासाठी वेगळी भाजी, वेगळे पीठ, वेगळी वेळ सांभाळीत घरच्या गृहिणीने दोन चुली पेटवावयाच्या, ही रीत आम्हांस पसंत नाही. असा नेम दुसऱ्याच्या कष्टावर चालतो, आणि गृहिणी थकली की आठवडाभरात बुडतो. ज्याने कांदा-लसूण सोडले त्याने आपली भाजी स्वतः चिरून द्यावी. सर्व घराने मिळून एकच नेम घेतला, जसे सायंकाळी दिवेलागणीनंतर तळलेले खावयाचे नाही, तर फारच बरे. मुलेही त्यात येतात.

समाप्ती कार्तिक शुद्ध द्वादशीची. उद्यापनात जे आपण वर्ज्य केले त्याचे दान करून मग ते ग्रहण करावयाचे, असा प्रघात आहे. गूळ सोडणाऱ्याने गूळ द्यावा, तूप सोडणाऱ्याने तूप. चार महिने चालण्याचा नेम करणाऱ्याने काय द्यावे, असे एका तरुणाने गतवर्षी आम्हांस विचारले. आम्ही म्हटले, पुढच्या वारीस निघणाऱ्या एखाद्या गरीब वारकऱ्यास वहाणांचा जोड द्या. त्याने तो दिला, आणि द्वादशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मारुतीच्या वाटेवर भेटला.